पत्ता चुकलेली उडी

नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके, लातूर जिल्ह्यात दहा. या सव्वीस तालुक्यांच्या मुलखात नुसते 'वडगाव' किंवा 'पिंपळगाव' म्हणून भागत नाही. एस.टी.चा कंडक्टर लगेच विचारतो, 'कोणतं?' मग बुद्रुक की खुर्द ते निघते, तालुका निघतो, शेजारच्या मोठ्या गावाचे नाव निघते, तेव्हा कुठे तिकीट फाटते. पोस्टाची अडचणही हीच होती. एकाच नावाची गावे, अनेक भाषा, चुकीचे लिहिलेले पत्ते. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. हे गृहस्थ संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते.

मोठ्या सॉफ्टवेअरच्या सोर्स कोडमध्ये असेच हजारो पत्ते असतात. एखादे फंक्शन एका फाइलमध्ये लिहिलेले असते आणि शंभर ठिकाणांहून बोलावले जाते. 'ओपन', 'रीड', 'इनिट' ही त्या मुलखातली वडगावे. कर्सर नावावर ठेवावा, एक कळ दाबावी आणि ते नाव जिथे मुळात लिहिले आहे तिथे थेट जावे, अशी सोय टेक्स्ट एडिटरमध्ये चार दशकांहून अधिक काळ आहे. त्यासाठी आधी संपूर्ण कोडची एक सूची तयार करावी लागते. तिला टॅग फाइल म्हणतात. कळ दाबल्यावर एडिटर कोड वाचत बसत नाही, तो ही सूची उघडतो आणि तिथे लिहिलेल्या पत्त्यावर उडी मारतो. ही उडी का चुकते आणि चुकली की नेमके कुठे पाहायचे, हा प्रश्न या सोयीइतकाच जुना आहे.

नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ पासून उभी आहे. त्याच परिसरात १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरला बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, संगणकशास्त्राच्या पदव्या देणारी इतर महाविद्यालये आहेत. नांदेड-लातूर महामार्गाच्या दोन्ही टोकांना दरवर्षी कितीतरी मुले-मुली पहिला प्रोग्रॅम लिहितात. पण या भागात काय किंवा राज्यात इतरत्र काय, सुरुवातीच्या वर्षांत कोडमध्ये वाट शोधण्याची गरजच पडत नाही. जर्नलमधला प्रोग्रॅम तीस-चाळीस ओळींचा आणि एकाच फाइलमधला असतो. वर्षानुवर्षे राज्यभरातल्या लॅबमध्ये टर्बो सीचा निळा पडदा होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे हे साधन पुढे डॉसबॉक्सच्या आधाराने नव्या विंडोजवरही चालवले गेले. त्यात कंट्रोल आणि एफ-१ दाबले की कर्सरखालच्या शब्दाची मदत उघडे. विद्यार्थ्याच्या लेखी 'उडी' म्हणजे एवढेच.

धक्का बसतो तो पुढे, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला किंवा पुण्या-हैदराबादच्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. समोर दोन हजार फाइलींचे फोल्डर येते आणि मदतीला असतो फक्त शोधा-बदलाचा चौकोन. नाव टाकले की चारशे ओळी सापडतात, त्यातली व्याख्या कोणती ते कळत नाही. मग कोणीतरी 'सीटॅग्ज चालव' म्हणून सांगते आणि खऱ्या अडचणी तिथून सुरू होतात.

सीटॅग्ज हे साधन केन अर्नोल्ड यांनी लिहिले. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधून, म्हणजे थ्रीबीएसडीमधून, ते १९७९ च्या अखेरीस बाहेर आले. व्हीआय हा एडिटर लिहिणारे बिल जॉय याच मंडळींतले, आणि सीटॅग्जमधला पास्कल भाषेचा भागही त्यांचाच. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरच्या गोटाने स्वतःचे ईटॅग्ज तयार केले. डॅरेन हायबर्ट यांनी नव्वदच्या दशकात 'एक्झुबरंट सीटॅग्ज' आणले आणि अनेक भाषा समजणारे साधन म्हणून तेच रूढ झाले. व्हीआयच्या परंपरेतल्या व्हिम या एडिटरच्या जुन्या आवृत्त्यांसोबत ते मिळतही असे. २००९ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. म्हणून त्याच कोडवरून 'युनिव्हर्सल सीटॅग्ज' सुरू झाले आणि आज चालू आहे ते हेच.

या इतिहासातच पहिली अडचण दडलेली आहे. 'सीटॅग्ज' या एकाच नावाची किमान चार वेगवेगळी साधने जगात आहेत. मॅकवर आधीपासून बसवलेले असते ते बर्कलीच्या घराण्यातले. 'आतल्या सगळ्या फोल्डरांसह सूची कर' ही आज्ञा त्याला ठाऊकच नाही. ती दिली की ते पर्याय बेकायदा असल्याचे सांगून थांबते. ईमॅक्ससोबतही एक सीटॅग्ज येते. उबुंटूवर एक्झुबरंट आणि युनिव्हर्सल अशी दोन वेगळी पॅकेजे आहेत. म्हणून तपास सुरू करायचा तो एडिटरपासून नव्हे, साधनाला त्याची आवृत्ती विचारण्यापासून. हे एक पाऊल चुकवून लोक दुपारभर एडिटरची सेटिंग चाळत बसतात.

दुसरे पाऊल सूची उघडून पाहण्याचे. टॅग फाइल गूढ नसते. साधी मजकुराची फाइल, एका ओळीत एक नाव. आधी नाव, मग टॅबची मोकळी जागा, मग फाइलचा मार्ग, मग पत्ता. हा पत्ता ओळीचा क्रमांक असू शकतो, पण बहुधा ती ओळच जशीच्या तशी नोंदलेली असते. यामागे विचार आहे. वर दोन ओळी वाढल्या की खालचे सगळे क्रमांक सरकतात, पण व्याख्येची ओळ तीच राहिली तर शोधून सापडते. सूचीला थोडे शिळेपण सोसता यावे म्हणून केलेली ही तजवीज आहे. ती कुठवर पुरते, हे व्हिमच्या सूचनांतून दिसते.

व्हिम निरनिराळ्या अपयशांना निरनिराळे क्रमांक देतो, आणि ते वाचले तर अर्धे निदान तिथेच होते. ई ४३३ म्हणजे सूचीची फाइलच मिळाली नाही. ई ४२६ म्हणजे फाइल मिळाली, पण तिच्यात हे नाव नाही. ई ४३४ म्हणजे नाव आहे, पण सांगितलेल्या जागी ती ओळ आता नाही. आणि ई ४३५ सर्वांत प्रामाणिक. टॅग सापडला नाही, नुसता अंदाज करतोय, असे व्हिम उघड सांगतो आणि नावापुढे कंस असलेली जवळपासची ओळ दाखवतो. या चारही वेळी विद्यार्थी एकच वाक्य म्हणतो, 'टॅग्ज चालत नाहीत.' दुखणी मात्र चार आहेत.

ई ४३३ चे कारण बहुतेक वेळा जागेत असते. व्हिम मूळ सेटिंगवर सूची शोधतो ती उघडलेल्या फाइलच्या फोल्डरमध्ये आणि आपण जिथे उभे आहोत त्या फोल्डरमध्ये. सूची प्रोजेक्टच्या मुळाशी केलेली असेल आणि फाइल तीन पायऱ्या खाली असेल, तर ती दिसत नाही. सेटिंगमध्ये एक अर्धविराम घातला की व्हिम एकेक फोल्डर वर चढत शोधतो. एका अर्धविरामाने इतक्या जणांचा वेळ वाचवल्याचे उदाहरण विरळाच. विंडोजवर आणखी एक खोच आहे. व्हिमची सूची लहान अक्षरांत 'टॅग्ज' या नावाने साठते, ईमॅक्सची तेच नाव मोठ्या अक्षरांत घेते. विंडोजला या दोन नावांत फरक दिसत नाही. एकाच लॅबमध्ये दोघे दोन एडिटर वापरत असतील, तर एकाची सूची दुसऱ्याच्या सूचीवर बसते, आणि दोन्ही फायलींची मांडणी वेगळी असते.

ई ४२६ आणि ई ४३४ यांच्या मुळाशी बहुधा शिळेपण असते. सूची ज्या क्षणी केली त्या क्षणाचा कोड ती दाखवते. नंतर फंक्शनचे नाव बदलले, फाइल हलवली, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटवर दुसरी शाखा घेतली, तर सूचीला त्याचा पत्ता नसतो. उस्मानाबादचे धाराशिव झाले तरी जुन्या दाखल्यांवर जुनेच नाव असते, तसे हे. उपाय दोन दिशांनी निघाले. टिम पोप या प्रोग्रॅमरने २०११ मध्ये गिटच्या हुकांतून (ठरावीक क्षणी चालणाऱ्या स्क्रिप्टांतून) सूची आपोआप नवी करण्याची रीत मांडली. पुढे 'गुटेनटॅग्ज' हे व्हिमचे प्लगइन आले. ते फाइल जतन होताच मागच्या मागे सूची दुरुस्त करते. ईमॅक्स फाइल बदललेली पाहून 'नवी सूची वाचू का?' असे विचारतो. घाईत 'नाही' म्हणणारा पुढे तासभर जुन्या पत्त्यांवर फिरतो.

क्रमाची अडचण मात्र जाणत्यांनाही चकवते. सूचीत दहा लाख नावे असली, तरी ती क्रमाने लावलेली असतील तर साधारण वीस तुलनांत हवे ते नाव सापडते. मधोमध पाहायचे, आधीचे की नंतरचे ते ठरवायचे, पुन्हा मधोमध पाहायचे. पण क्रम कोणाचा? टॅग फाइलला बाइटचा क्रम लागतो. त्यात इंग्रजी मोठी अक्षरे आधी, मग अंडरस्कोर, मग लहान अक्षरे. संगणकाची भाषा भारतीय इंग्रजी किंवा मराठी ठेवली आणि दोन सूच्या हाताने जोडून युनिक्सच्या सॉर्ट आज्ञेने लावल्या, की ती आज्ञा भाषेचा क्रम पाळते. अंडरस्कोरकडे ती जवळजवळ दुर्लक्षच करते. फाइल दिसायला व्यवस्थित, काही नावे सापडतात, काही समोर असून सापडत नाहीत. व्हिमच्या लक्षात आले तर तो ई ४३२ देतो, म्हणजे सूची क्रमाने नाही.

पिनकोडचा क्रमही असाच परका वाटतो. लातूर आणि नांदेड हे शेजारचे जिल्हे, पण लातूर शहराचा पिन ४१३५१२ आणि नांदेडचा ४३१६०१. पिनच्या क्रमात या दोघांच्या मध्ये सातारा, कोल्हापूर, नाशिक, धुळे आणि जळगाव येऊन बसतात. टपाल वेगळे करणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही, कारण तो नकाशा पाहत नाही, आकडे पाहतो. सूची शोधणारा प्रोग्रॅमही तसाच. माणसाला सोयीचा वाटणारा क्रम त्याच्या कामाचा नाही. उपाय सोपा आहे. सॉर्ट चालवताना भाषेची सेटिंग 'सी' ठेवायची, किंवा सरळ सीटॅग्जलाच संपूर्ण सूची नव्याने करू द्यायची.

काही वेळा कारण सूचीत नसतेच. रिमोट सर्व्हरवर टेलनेटने जोडून व्हीआय वापरण्याचा काळ आठवा. उडीची कळ म्हणजे कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस. नेमकी हीच कळ टेलनेटची स्वतःची बाहेर पडण्याची कळ होती. फंक्शनवर कर्सर ठेवून कळ दाबली की फंक्शनऐवजी टेलनेटचा संदेश पुढे येई. सूची बरोबर, एडिटर बरोबर, मधल्या माणसाने पत्रच उघडलेले. आज टेलनेटची जागा एसएसएचने घेतली असली, तरी ब्राउझरमधल्या एडिटरांत आणि टर्मिनलांत कळा अशाच मध्येच अडवल्या जातात.

याहून खोल प्रश्न असा की, सीटॅग्जला कोड समजतच नाही. ते ओळींची ठेवण ओळखते. लिनक्स कर्नलचे उदाहरण घ्या. तीन कोटींहून अधिक ओळींच्या त्या कोडमध्ये फाइल वाचण्याच्या सिस्टीम कॉलची व्याख्या एका मॅक्रोच्या पोटात आहे. कोडात 'रीड' असा सुटा शब्द दिसतो आणि पूर्ण नाव मॅक्रो उलगडल्यावर तयार होते. साधे सीटॅग्ज चालवले तर ते पूर्ण नाव सूचीत येतच नाही. म्हणून कर्नलसोबत एक खास स्क्रिप्ट येते. अशा मॅक्रोंचे नमुने तिच्यात सीटॅग्जला शिकवलेले असतात. कर्नलच्या फोल्डरमध्ये मेक आज्ञेला 'टॅग्ज' सांगितले की तीच स्क्रिप्ट चालते. कर्नल शिकू पाहणारा नवखा थेट सीटॅग्ज चालवतो आणि मग नावे गहाळ आहेत म्हणून हताश होतो.

एकाच नावाची दहा फंक्शने असली, तर पहिल्या वडगावलाच उडी पडते. व्हिममध्ये पर्यायांची यादी मागणारी वेगळी आज्ञा आहे. ती यादी पाहून निवड करावी लागते. तरीही 'हे फंक्शन कोण कोण बोलावते?' या प्रश्नाचे उत्तर टॅग फाइल देत नाही. त्यासाठी बेल लॅब्जमध्ये जो स्टेफन यांनी सीस्कोप लिहिले. ते २००० मध्ये मुक्त परवान्याखाली खुले झाले. जपानच्या शिगिओ यामागुची यांचे ग्नू ग्लोबल हेही याच कामाचे.

मराठी प्रोग्रॅमरच्या वाट्याला एक जास्तीचा थर येतो, तो लिपीचा. पायथनने २००८ च्या अखेरीस, तिसऱ्या आवृत्तीपासून, नावे कोणत्याही लिपीत ठेवू दिली. जीसीसी या सी भाषेच्या कंपायलरने २०२० च्या दहाव्या आवृत्तीत ती थेट लिहिण्याची सोय केली, रस्ट भाषेने २०२१ मध्ये. म्हणजे सोयाबीनच्या आवकेचा हिशेब लिहिणारा विद्यार्थी आपल्या चलाला 'शेतकऱ्यांची_यादी' म्हणू शकतो. पण त्यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टंकता येतो. एक, इनस्क्रिप्टवर शिफ्टसह र ची कळ दाबून मिळणारा ऱ घेऊन. दोन, साधा र, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडअक्षर घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच. बाइट मात्र वेगळे, म्हणून सूचीत ही दोन गावे. पायथन दुसरा प्रकार नावात स्वीकारतच नाही, अदृश्य अक्षरावर बोट ठेवून थांबतो. टिप्पण्यांत आणि मजकुरात मात्र हा प्रकार बिनबोभाट राहतो आणि शोध अर्धाच लागतो.

'ॲप' या शब्दाची गंमत आणखी. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधी लोक अ पुढे चंद्राची मात्रा देत, कोणी मध्ये अदृश्य अक्षरही घालत. तीन बांधण्या, एकच रूप. युनिकोडचे प्रमाणीकरण या तिघांना एक मानत नाही, त्यामुळे ते करूनही प्रश्न सुटत नाही. डीटीपीच्या काळातल्या जुन्या फाँटांत लिहिलेल्या फाइलींचे तर विचारायलाच नको. पडद्यावर मराठी दिसते, फाइलमध्ये इंग्रजी चिन्हांचा चिवडा असतो.

गो भाषेचा नियम तर मराठी वाचकाला हसवेल. तिथे नावात अक्षरे आणि आकडे चालतात, जोडचिन्हे चालत नाहीत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे जोडचिन्हांत मोडते. म्हणून 'घर' आणि 'वजन' ही नावे चालतात, 'भाव' आणि 'किंमत' चालत नाहीत. शिवाय पॅकेजबाहेर दिसायचे तर नाव मोठ्या अक्षराने सुरू व्हावे लागते, आणि देवनागरीत मोठे अक्षर नाही. देवनागरीसारख्या लिप्यांची ही गैरसोय गोच्या निर्मात्यांनी आपल्या प्रश्नोत्तरांत मान्यही केली आहे.

जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांच्यासोबत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला आणि चित्र पालटले. आता एडिटरने सूची वाचायची नाही. भाषा खरोखर समजणारा एक वेगळा प्रोग्रॅम मागे चालतो आणि एडिटर त्याला प्रश्न विचारतो. व्हीएस कोडमध्ये एफ-१२ दाबले की घडते ते हेच. मॅक्रो उलगडतात, एकाच नावाची फंक्शने प्रकारावरून ओळखली जातात, बोलावणारेही सापडतात. पण बिघाड संपले नाहीत, त्यांनी फक्त जागा बदलली. सी आणि सी++ साठीचा क्लँगडी हा सर्व्हर प्रत्येक फाइल कोणत्या पर्यायांनी कंपाइल होते ते जाणून घेऊ पाहतो. ती माहिती असलेली जेसन फाइल मिळाली नाही, की त्याला हेडर सापडत नाहीत आणि सगळा कोड लाल रेघांनी भरतो. मोठ्या प्रोजेक्टची अंतर्गत सूची मागच्या मागे तयार होत असते, तोवर उडी व्याख्येऐवजी घोषणेवरच अडखळते. आणि हे सगळे मेमरी खाते. चार जीबीच्या जुन्या लॅब संगणकावर ब्राउझर, एडिटर आणि सर्व्हर एकत्र चालवले तर पंखा घरघरू लागतो. तिथे एकदाच तयार होऊन डिस्कवर गप्प पडून राहणारी टॅग फाइल अजूनही परवडते. इंटरनेट गेले, तरी तिचे काही अडत नाही.

शिकण्याच्या साधनांची तूट आता पूर्वीइतकी नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि सी भाषेचे छोटे धडे मराठी निवेदनासह मिळतात. कोड लिहायला शिकवणारे साहित्य बरेच आहे, दुसऱ्याच्या कोडमध्ये वाट काढायला शिकवणारे थोडे. नोकरीच्या पहिल्या वर्षात मात्र वेळ जातो तो बहुतेक वाचण्यातच.

व्हिमने २०१९ मध्ये 'टॅगफंक' ही सोय दिली. उडीची कळ तीच, पण उत्तर टॅग फाइलऐवजी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमकडून घेता येते. व्हिमपासून निघालेल्या निओव्हिममध्ये लँग्वेज सर्व्हर जोडला गेला की ही कळ आपोआप त्याच्याकडे वळते, आणि सर्व्हरकडे उत्तर नसेल तर एडिटर गुपचूप जुन्या टॅग फाइलकडे जातो. त्यामुळे तपासाच्या यादीत आता एक नवा प्रश्न वाढला आहे. उडी चुकीच्या जागी पडली, तर आधी पाहायचे की उत्तर दिले कोणी, चालू असलेल्या सर्व्हरने, की मागच्या सत्रात कोणीतरी करून ठेवलेल्या आणि सगळे विसरून गेलेल्या टॅग फाइलने.